संत इग्नेशियस लोयोला : पापांच्या हिशेबांतून श्रद्धेकडे

ज्युबिली म्हणजे पापक्षमेचा काळ. ह्या प्रसंगीं आपल्यापैकीं पुष्कळजण कुमसारास येतील. पण क्षमा खरोखर मिळाली असें मानून शांत मनानें घरीं परतणारे किती असतील? हें मानणें ज्यांना एके काळीं जिवावरचें झालें होतें, अशा एका थोर संताचें चरित्र वाचकांपुढें ठेवितों.

स्पेन देशांतील बास्क प्रांतीं, लोयोला येथील सरदार घराण्यांत १४९१ सालीं संत इग्नेशियस जन्मले. तारुण्य त्यांनीं शस्त्रांच्या व मानमरातबाच्या नादांत घालविलें. २० मे १५२१ रोजीं पाम्प्लोनाचा किल्ला लढवितांना तोफेच्या गोळ्यानें त्यांचा उजवा पाय मोडला. अंथरुणावर पडून असतां ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें त्यांच्या हातीं आलीं, आणि त्यांचें हृदय पालटलें. १५२२ च्या मार्च महिन्यांत मोन्सेराट येथें तीन दिवस घेऊन त्यांनीं जन्मभराच्या पापांचें लेखी निवेदन केलें व आपली तलवार पवित्र मरियेच्या वेदीपाशीं ठेविली.

तलवार सुटली, तरी शिपाईबाणा सुटला नव्हता. संतांनीं जें केलें त्याहून अधिक आपण करावें, ही त्यांची ईर्षा. जवळच्या मान्रेसा गांवीं ते भिक्षा मागून राहिले; मद्यमांस वर्ज्य केलें; दररोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना करूं लागले; केस व नखें कापीनात. इतकें करूनही शांति कोठें होती? मोन्सेराट येथें एखादें पाप सांगावयाचें राहिलें तर नसेल, ह्या शंकेनें त्यांना ग्रासिलें. पुनः पुनः पापनिवेदन करावें, आणि पुनः नवी शंका उठावी. अगदीं उघड असेल तेवढेंच मागलें पाप सांगावें, असें धर्मगुरूंनीं बजाविलें; पण त्यांना प्रत्येक पाप उघडच दिसे! निराशा एवढी वाढली कीं, जीव देण्याचा मोह त्यांना होऊं लागला. तेव्हां देवाचा अपराध करणार नाहीं, असा आक्रोश करून ते त्या मोहाशीं झुंजले. शेवटीं शांति मिळेपर्यंत अन्न घ्यावयाचें नाहीं असें ठरवून ते आठवडाभर उपाशी राहिले. धर्मगुरूंनीं उपवास सोडण्याची आज्ञा केली, ती त्यांनीं पाळिली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशीं जुनीं पापें पुनः एकामागून एक आठवूं लागलीं.

त्या वेळीं, झोपेंतून जागें व्हावें तसे त्यांचे डोळे उघडले. ही शंका देवाची नव्हे, देवापासून दूर नेणारी आहे, हें त्यांनीं ओळखिलें. जीं पापें प्रभूनें धुऊन टाकिलीं तीं पुनः उकरणें म्हणजे त्याच्या दयेवर अविश्वास दाखविणें होय. मागील पापांचें निवेदन पुनः करावयाचें नाहीं, असा त्यांनीं निश्चय केला, आणि ते मुक्त झाले. पुढें त्यांनीं केस व नखें कापिलीं, मांसही खाऊं लागले. शाळेंतील मुलाला पंतोजीनें शिकवावें तसा देव आपणांस शिकवीत आहे, असें त्यांस दिसून आलें.

म्हणून त्यांनीं संस्कार किंवा नियम टाकिले काय? मुळींच नाहीं. ते नेमानें पापनिवेदन करीत व ख्रिस्तप्रसाद घेत राहिले. भेद एवढाच कीं, पूर्वीं ते आपल्या कष्टांवर विसंबत, आतां देवाच्या कृपेवर विसंबले. मान्रेसा येथील अनुभवांतून त्यांचें आध्यात्मिक साधनेचें पुस्तक उदयास आलें. त्यांत अशा शंकांनीं पीडलेल्यांसाठीं सूचना आहेत. १५४० सालीं पोप तिसरे पौल ह्यांनीं त्यांच्या येशूसंघास मान्यता दिली. त्या संघाच्या घटनेंत त्यांनीं सर्वांवर सक्तीचीं देहदंडनें लादिलीं नाहींत. संत फ्रान्सिस झेवियर ह्याच संघाचे. मराठींत ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्सही ह्याच संघाचे.

३१ जुलै १५५६ रोजीं रोम येथें संत इग्नेशियस प्रभुचरणीं विलीन झाले, व १६२२ सालीं त्यांची संतपदीं स्थापना झाली.

प्रिय भाविकहो, ह्या ज्युबिलींत पापनिवेदन अवश्य करा, प्रामाणिकपणें करा. आणि मग उठून जातांना पापांचें गांठोडें तेथेंच ठेवून जा. प्रभूनें तें उचलिलें आहे.