संशोधकांसाठी पदे निर्माण करणारे सर आशुतोष मुखर्जी

कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू आणि न्यायमूर्ती सर आशुतोष मुखर्जी यांचा जन्म २९ जून १८६४ रोजी कलकत्ता येथे झाला. विद्यार्थिदशेतच त्यांचे गणितविषयक लेखन परदेशी नियतकालिकांत प्रसिद्ध होऊ लागले. १८८५ मध्ये गणितात एम. ए. झाल्यावर त्यांनी प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीही पटकावली. मुंबईत राजाबाई मनोरा उभारण्यास देणगी देणारे प्रेमचंद ते हेच.

आयुष्यभर गणिताचे संशोधन करावे, अशी आशुतोष यांची इच्छा होती. मात्र विद्यापीठ तेव्हा प्रामुख्याने परीक्षा घेणारी संस्था होती. संशोधकाला पोटापुरते वेतन देणारे पद तेथे नव्हते. त्यांच्यासाठी असे पद निर्माण करण्याचे प्रयत्न निधीअभावी फसले. अखेर ते वकिलीकडे वळले. १९०४ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले खरे, पण देशाने एक गणितज्ञ गमावला.

१९०६ मध्ये कुलगुरुपद लाभताच, स्वतःला जे मिळाले नाही ते इतरांना मिळवून देण्याचे कार्य त्यांनी हाती घेतले. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या विधिज्ञांच्या देणग्यांतून १९१४ मध्ये विज्ञान महाविद्यालयाची पायाभरणी झाली. पालित यांच्या नावाच्या अध्यासनांवर भारतीयांचीच नेमणूक व्हावी, अशी अट होती. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे एम. एस्सी. होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. १९१६ मध्ये दोघांनाही तेथे अध्यापक नेमण्यात आले. पुढील वर्षी चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी अर्थखात्यातील सरकारी नोकरी सोडून कमी वेतनाचे पालित प्राध्यापकपद स्वीकारले. प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांची नियुक्तीही १९१७ मधलीच.

या पदांना आर्थिक स्थैर्य मात्र लाभले नाही. बोस १९२१ मध्ये ढाक्याला, तर साहा १९२३ मध्ये अलाहाबादला गेले. सरकारने १९२२ मध्ये अडीच लाख रुपयांचे अनुदान देऊ केले, परंतु त्यासोबतच्या अटी विद्यापीठाच्या स्वायत्ततेवर घाला घालणाऱ्या असल्याने आशुतोष यांनी ते नाकारले. १९२३ मध्ये सशर्त कुलगुरुपदही त्यांनी असेच धुडकावले.

२५ मे १९२४ रोजी पाटणा येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर दहाच दिवसांनी, ४ जून रोजी, बोस यांनी ढाक्याहून आपला शोधनिबंध आइन्स्टाइन यांच्याकडे रवाना केला.