विस्तुलेच्या काठावरचा उजेड

अलेक्सांदर ग्येरिम्स्की यांचा जन्म ३० जानेवारी १८५० रोजी वॉर्सा शहरात झाला, तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तो आपसांत वाटून घेतला होता आणि वॉर्सावर झारची सत्ता होती. राज्य गेले, सैन्य गेले, पुढे शाळेतून भाषाही हुसकली जाऊ लागली. अशा समाजाला आपल्या चित्रकारांकडून काय हवे असते हे सांगायला नको. त्याला गतवैभव हवे असते. क्राकुफमध्ये यान मातेय्को जुन्या राजांचे दरबार आणि विजयी रणांगणे भिंतभर कॅनव्हासवर उतरवीत होते आणि लोक त्या चित्रांपुढे देवळात उभे राहावे तसे उभे राहत होते. ग्येरिम्स्की यांच्या आयुष्यातील बहुतेक दुःखांचे मूळ या अपेक्षेत आहे. ती चुकीची होती असे नव्हे. ती पुरी करणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

घरात चित्रकला आणली ती थोरले बंधू माक्सिमिल्यान यांनी. १८६३ चे रशियाविरुद्धचे बंड पेटले तेव्हा ते जेमतेम सोळा वर्षांचे होते आणि त्या बंडात सामील झाले होते. बंड चिरडले गेले. पुढे म्युनिकला जाऊन त्यांनी त्या बंडाची चित्रे काढली, पण त्यांत जयघोष नाही; ओल्या रस्त्यावरून थकून जाणारे घोडेस्वार आणि वर करडे आभाळ एवढेच. धाकटे अलेक्सांदर १८६८ मध्ये त्यांच्या पाठोपाठ म्युनिकला आले आणि तेथील अकादमीत कार्ल फॉन पिलोटी यांच्या हाताखाली शिकले. शेक्सपिअरच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्यावरील चित्राबद्दल त्यांना सुवर्णपदकही मिळाले. माक्सिमिल्यान मात्र क्षयाने पोखरले जात होते. १८७३ च्या अखेरीस दोघे भाऊ रोमला गेले; इटलीच्या हवेचाही उपयोग झाला नाही. सप्टेंबर १८७४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, थोरला भाऊ गेला. धाकट्याला जवळचा म्हणावा असा हाच एक सोबती होता. पुढच्या आयुष्यात त्यांच्या स्वभावात जो एकलकोंडेपणा आणि चिडखोरपणा वाढत गेला, त्याची सुरुवात अनेकांनी येथे शोधली आहे.

रोममध्ये त्यांनी खानावळीतील माणसे रंगवली, बोटांचा मोरा खेळणारे गडी रंगवले. ही चित्रे आवडली, खपलीही असती. पण त्याच वाटेवर राहणे त्यांना मानवले नाही. एक प्रश्न त्यांना छळू लागला होता. उन्हात वस्तूचा रंग कोणता? पांढऱ्या टेबलक्लॉथवर पानांची सावली पडली तर तो कापडाचा तुकडा पांढरा राहतो का, आणि राहत नसेल तर शेजारच्या लाल अंगरख्याची छटा त्यात किती मिसळते? या प्रश्नापायी त्यांनी एकाच चित्रावर काही वर्षे घालवली. 'लताकुंजात' हे त्याचे नाव. अठराव्या शतकातील पोशाख केलेली काही उमराव मंडळी बागेतल्या जाळीदार मांडवाखाली बसली आहेत, वरून ऊन गळते आहे. विषय तसा क्षुल्लक. पण प्रत्येक आकृतीचे, टेबलावरच्या वस्तूंचे, पानांमधून येणाऱ्या कवडशांचे स्वतंत्र अभ्यास त्यांनी केले, पुन्हा पुन्हा खोडले, पुन्हा रंगवले. चित्र १८८२ मध्ये पुरे झाले. पॅरिसचे इम्प्रेशनिस्ट चित्रकार त्याच सुमारास उन्हाच्याच मागे लागले होते. ग्येरिम्स्की त्या मंडळात नव्हते, ते आपल्या हिशेबाने, एकट्याने तेथवर पोचले होते. दोघांत फरकही आहे. इम्प्रेशनिस्टांनी क्षण पकडला आणि कडा विरघळू दिल्या. ग्येरिम्स्कींना उजेडही हवा होता आणि वस्तूचे वजनही. हा दुहेरी हट्टच त्यांचा वेळ आणि प्रकृती खाऊन गेला. वॉर्साच्या रसिकांना या खटाटोपात विशेष काही दिसले नाही.

१८७९ च्या सुमारास ते वॉर्साला परतले होते आणि पुढची आठ-नऊ वर्षे बव्हंशी तेथेच राहिले. शहराच्या उंच भागातून विस्तुला नदीकडे उतरत गेले की पोविश्ले ही वस्ती लागे. कोळसा, लाकूड, चिखल, धुराडी, नावाडी, मजूर, गरीब ज्यू कुटुंबे. सभ्य वॉर्साकर तिकडे सहसा फिरकत नसत आणि चित्रांत तर ती वस्ती नव्हतीच. ग्येरिम्स्की तेथे फिरत राहिले. सोलेत्सचा धक्का, जुन्या शहरातील एक वेस, नदीकाठची घरे असे एकेक ते रंगवीत गेले. १८८७ मधील 'रेती काढणारे' हे यांपैकी सर्वांत ठाम चित्र. नदीतून रेती काढून ती नावांतून काठावर आणणारे मजूर फावडी चालवीत आहेत. ना कोणी आपल्याकडे पाहते, ना कोणाच्या चेहऱ्यावर करुणा उभी केली आहे. दगडी बांध, पाणी, ओली रेती आणि वाकलेल्या पाठी यांवर एकच फिकट उजेड सारखा पसरला आहे. या चित्रांसाठी त्यांनी छायाचित्रांचाही आधार घेतला. त्या काळी हे कमीपणाचे मानले जाई, पण डोळ्याची फसगत टाळण्यासाठी जे साधन मिळेल ते त्यांना चालत असे.

ज्यू नववर्षाच्या दिवशी श्रद्धाळू मंडळी वाहत्या पाण्याकाठी जाऊन आपली पापे नदीत सोडण्याची प्रार्थना करतात. विस्तुलेच्या काठी संध्याकाळी जमलेला हा समुदाय ग्येरिम्स्कींनी १८८४ मध्ये रंगवला आणि पुढे आणखी दोनदा त्याच विषयाकडे ते वळले. 'कर्ण्यांचा सण' या नावाने ही चित्रे ओळखली जातात. काळ्या अंगरख्यांतील पाठमोऱ्या आकृती, मावळतीचा रंग घेतलेले स्थिर पाणी, आणि मध्ये कमालीची शांतता. एका ख्रिस्ती चित्रकाराने परक्या धर्माचा विधी इतक्या अदबीने, त्यात गंमत वा विचित्रपणा न शोधता रंगवावा, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. वॉर्सात १८८१ च्या नाताळातच ज्यूंच्या घरादुकानांवर जमावाने हल्ले केले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शांततेची किंमत कळते.

याच काळात, १८८०-८१ मध्ये, त्यांनी संत्री विकणारी ज्यू म्हातारी रंगवली. डोक्याला टोपी, अंगावर जाडी शाल, दोन्ही हातांत टोपल्या. मागे धुक्यात विरलेले शहर, सगळे करड्या-तपकिरी रंगात. त्या सगळ्या करडेपणात एका टोपलीतली संत्री तेवढी पेटल्यासारखी दिसतात. चेहरा मात्र संत्र्यांच्या उजेडापासून दूर आहे. दिवसभर उभे राहून थकलेला, विक्रीची आशा जवळजवळ सोडलेला. पोविश्लेच्या साऱ्या चित्रांतून एकच निवडायचे तर हेच निवडावे लागेल.

त्यांची बाजू घेणारे थोडे होते, पण ते भक्कम होते. चित्रकार व समीक्षक स्तानिस्वाव वित्क्येविच आणि साहित्य-संगीताचे जाणकार आंतोनी सिग्येतिन्स्की यांनी १८८४ पासून 'वेंद्रोवेत्स' या सचित्र साप्ताहिकातून जुन्या मतांवर धडाक्याने हल्ला चढवला. चित्राची योग्यता विषयावर ठरत नाही, ते कसे रंगवले आहे यावर ठरते. शेतात सलगम गोळा करणारी पोरगी ही सेनापतीच्या विजयाइतकीच चित्राला पात्र आहे, असा त्यांचा वाद होता. आपल्या म्हणण्याचा जिवंत पुरावा म्हणून ते ग्येरिम्स्कींकडे बोट दाखवीत. ग्येरिम्स्की त्या साप्ताहिकासाठी रेखाचित्रे काढीत, त्यांवरून लाकडी ठसे कोरले जात. पोटापाण्याला आधार होता तो अशाच कामांचा. वादात जय कोणाचाही झाला तरी चित्रे विकली जात नव्हती.

१८८८ मध्ये ते कंटाळून बाहेर पडले. प्रथम म्युनिक, नंतर पॅरिस. संग्राहक इग्नात्सी कोर्विन-मिलेव्स्की यांनी त्यांची अनेक चित्रे घेतली, त्यामुळे काही काळ निभावले. परदेशात त्यांनी उजेडाचा प्रश्न उलट्या टोकाने धरला: रात्री काय दिसते? म्युनिकचा चौक, पॅरिसच्या ऑपेरासमोरचे दिवे, ओल्या फरसबंदीवर सांडलेला कृत्रिम प्रकाश. सीन नदीवरील संध्याकाळीच्या चित्रात तर रंगाचे लहान लहान फटकारे शेजारी शेजारी ठेवून नारिंगी आभाळ जांभळ्यात उतरताना त्यांनी दाखवले. या चित्रांत माणसे जवळजवळ नाहीतच. तंत्र उत्तम साधले आहे. पण पोविश्लेच्या चित्रांतली ऊब येथे जाणवत नाही, हेही खरे.

१८९३ मध्ये ते पुन्हा पोलिश भूमीवर, क्राकुफला आले. तेथील कलाशाळेत अध्यापकाची जागा मिळेल, निदान म्हातारपणी स्थिर उत्पन्न लाभेल, ही आशा होती. शहराजवळच्या ब्रोनोवित्से गावी राहून त्यांनी 'शेतकऱ्याची शवपेटी' रंगवले. झोपडीच्या भिंतीपाशी एक जोडपे बसले आहे, शेजारी लहान शवपेटीचे झाकण उभे केले आहे. मूल दिसत नाही. रडणेही नाही. झाकणाच्या लांबीवरून गेलेला जीव केवढा होता ते कळते. ज्याने आयुष्यभर प्रकाशाचा हिशेब मांडला त्याने येथे तो हिशेब दोन माणसांच्या मौनापुढे बाजूला ठेवला आहे. दिवस मात्र स्वच्छ, भरपूर उजेडाचा आहे.

जागा मिळाली नाही. चित्र पुरे करून ते १८९५ च्या सुमारास पुन्हा इटलीकडे गेले आणि परतले नाहीत. शेवटच्या वर्षांत त्यांनी माणसे जवळजवळ सोडली. चौक, चर्चचे गाभारे, उद्यानांतील पाइन वृक्षांच्या रांगा रंगवल्या. मनाचा तोल ढळत चालला होता. मार्च १९०१ मध्ये रोमच्या मनोरुग्णालयात, एक्कावन्न वर्षांचे असताना, त्यांचा अंत झाला आणि तेथीलच कांपो व्हेरानो दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. दोन वर्षांनी वित्क्येविच यांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. तेव्हापासून वॉर्सात त्यांच्या चित्रांना मागणी येऊ लागली.

संत्रीवालीचे चित्र पुढे वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयात आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शहर लुटले आणि १९४४ च्या उठावानंतर ते पद्धतशीर जमीनदोस्त केले. याच युद्धाने देशोधडीला लागलेली हजारो पोलिश बायकामुले त्या वर्षांत कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत येऊन राहिली होती. पोविश्लेचे ज्यू तर उरलेच नाहीत. चित्र बेपत्ता होते. २०१० मध्ये जर्मनीत हाम्बुर्गजवळच्या एका लिलावगृहाच्या यादीत ते अचानक दिसले, पोलंडने हरकत घेतली, विक्री थांबली आणि बोलणी होऊन २०११ मध्ये ते वॉर्साला परत आले. रंग जागोजाग खराब झाले होते. जाणकारांनी ते काळजीपूर्वक दुरुस्त केले, आणि आता ती म्हातारी दोन टोपल्या घेऊन, विस्तुलेपासून थोड्याच अंतरावर, संग्रहालयाच्या भिंतीवर उभी आहे.