ब्रॉडवेचा लाडका, कलाकारांचा नावडता

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. लखलखत्या जाहिराती आणि माणसांचा पूर. त्या गर्दीत हातात टोपी नि काठी घेतलेला एक ब्राँझचा माणूस १९५९ पासून उभा आहे. तो जॉर्ज एम. कोहॅन. अमेरिकन संगीत नाटकाला अमेरिकन करणारा शोमन!

जॉर्जचा जन्म १८७८ चा, प्रॉव्हिडन्स शहरातला. नोंद ३ जुलैची, पण घरचे सांगायचे ४ जुलै, म्हणजे थेट अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन! आई-वडील व्हॉडव्हिलचे कलाकार. एकाच तिकिटात गाणी, नाच, विनोद, कसरती असा तो मामला. आई, वडील, बहीण जोसी आणि जॉर्ज अशी ‘द फोर कोहॅन्स’ ही चौकडी गावोगाव फिरायची. त्यामुळे शाळा जेमतेमच. जॉर्ज जे काही शिकला, ते स्टेजवर.

तेव्हा ब्रॉडवेवर युरोपीय धाटणीच्या ऑपरेटांची चलती होती. त्यात राजे, राजकन्या आणि नटवी भाषा. कोहॅनने रस्त्यावरची बोली, भन्नाट वेग आणि साधी माणसं आणली. १९०४ च्या ‘लिटल जॉनी जोन्स’चा नायक होता एक जॉकी. लेखन, गाणी, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, सगळं एकट्या कोहॅनचं. पहिल्यांदा फक्त ५२ प्रयोग झाले. पठ्ठ्याने हार मानली नाही. दौऱ्यावर नाटकाची डागडुजी केली, ते परत न्यूयॉर्कला आणलं आणि गाजवलं. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा त्याचं ‘ओव्हर देअर’ देशभर दुमदुमलं.

मग आलं १९१९. नट-नट्यांना तालमीचे पैसे मिळत नसत. कपडे पुष्कळदा पदरचे. दौऱ्यात नाटक बंद पडलं, तर परतीचं भाडंही स्वतःच बघायचं. शेवटी ‘ॲक्टर्स इक्विटी’ या युनियनने संप पुकारला. कोहॅन कुठल्या बाजूला असेल, असं वाटतं तुम्हाला? लहानपणापासून दौऱ्यांची धूळ खाल्लेला हा माणूस निर्मात्यांच्या बाजूने उभा राहिला! तो आता स्वतः निर्माता होता. आपण कलाकारांना नीट वागवतो, मग युनियन कशाला, हा त्याचा हिशेब. पण एक मालक दिलदार असला, म्हणून बाकीच्यांचं पोट भरत नाही, हे त्याला उमगलंच नाही. महिनाभरात संप जिंकला गेला. जुने मित्र दुरावले. तो मात्र शेवटपर्यंत युनियनचा सभासद झाला नाही.

त्यानंतरही त्याची जादू संपली नाही. १९३७ मध्ये एका संगीतिकेत त्याने चक्क राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट रंगवले. १९४२ मध्ये त्याच्या आयुष्यावर ‘यांकी डूडल डँडी’ हा सिनेमा आला. त्यात कोहॅन साकारणाऱ्या जेम्स कॅग्नीला ऑस्कर मिळालं. पण ते पाहायला कोहॅन नव्हता. ५ नोव्हेंबर १९४२ ला तो गेला.

आज ब्रॉडवेवर नाचणारी-गाणारी पोरं त्या पुतळ्यासमोरून तालमीला जातात. तालमीचे पैसे त्यांना मिळतात. त्यांच्या पायातला ठेका थोडाफार कोहॅनचा असतो आणि खिशातलं कार्ड त्या युनियनचं, जिच्याशी तो भांडला होता. वारसा त्यांना दोन्हींकडून मिळालाय.