पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ मध्ये चौंडी येथे झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडले. पुढे सासरे मल्हारराव व एकुलता एक पुत्र मालेराव हेही निवर्तले. दुःख गिळून त्यांनी महेश्वरहून राज्यकारभार न्यायाने चालवला.

गंगातीरावरील काशीत देह ठेवल्यास मोक्ष लाभतो, अशी हिंदूंची श्रद्धा आहे. तेथील विश्वनाथाचे मंदिर १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पाडले गेले होते. शतकाहून अधिक काळानंतर अहिल्याबाईंनी त्या जागेशेजारी नवे मंदिर उभारले. अशा धर्मकार्यांसाठी त्यांनी आपले खासगी उत्पन्न वेचले. १७९५ मध्ये त्यांचे निधन झाले. स्वतःचे घर रिते झालेल्या या राणीने बांधलेल्या मंदिरात आजही देशभरातील यात्रेकरू विश्वनाथाचे दर्शन घेतात.