दामलेमामांचा तुकाराम

पेण येथे १८९२ मध्ये जन्मलेले विष्णुपंत दामले मूळचे पडदे रंगविणारे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांची आणि फत्तेलाल यांची जोडी जमली. १९२९ साली शांताराम, धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह या जोडीने ‘प्रभात’ काढली आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली. बोलपट सुरू होताच ध्वनिमुद्रणाची बाजू दामलेमामांनी सांभाळली. हा कुशल कारागीर पडद्यामागेच राहता, तर त्याची नोंद चार ओळींत आटोपली असती. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ने तसे होऊ दिले नाही.

संतपटाचा ठरीव साचा येथेही आहे. मत्सरी सालोमालो आहे, चमत्कार आहेत, अखेरीस गरुडही उतरतो. मात्र दामले-फत्तेलाल यांनी संताला देवळाबरोबरच उपाशी चुलीसमोरही उभे केले. विष्णुपंत पागनीस यांच्या तुकोबांचे वैराग्य जितके निर्मळ, तितकाच गौरी यांच्या जिजाईचा संताप न्याय्य. आजारी पोरासाठी ती वहाण हाती घेऊन थेट पांडुरंगापुढे जाते, तेव्हा प्रेक्षक हसतो खरा. परंतु तिला दोष देण्यास त्याची जीभ रेटत नाही. शिवाजीराजांचा नजराणा तुकोबा नाकारतात. तो ठेवून घेतला असता, तर घरातल्या पोरांना दोन घास मिळाले असते. दान तुकोबांचे, उपास साऱ्या घराचा! त्यागाची ही किंमत कोणी मोजायची, या प्रश्नाचे सोयीस्कर उत्तर चित्रपट देत नाही. वैकुंठास तुकोबा जातात. जिजाई मागे राहते.

चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. शांताराम आठवले यांनी त्यासाठी रचलेला अभंग तर अनेकांनी तुकोबांचाच मानला. पुढे ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) व ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आले. ‘ज्ञानेश्वर’ची तांत्रिक करामत थोर खरी, पण त्यात देवाशी भांडणारी जिजाई नाही, ही उणीव जाणवल्यावाचून राहत नाही.

१९४२ मध्ये शांताराम ‘प्रभात’मधून बाहेर पडले. १९४५ च्या जुलैत दामलेमामा निवर्तले आणि पुढच्या दशकात कंपनीचे दिवे मालवले. त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.