त्याआधीची पंच्याहत्तर वर्षं

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात केंब्रिज नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथं शेतकऱ्यांची जत्रा भरायची. बायका घरून जॅम, मुरांबे, बरण्यांत टिकवलेली फळं घेऊन यायच्या आणि चांगल्या बरणीला बक्षीस असायचं. १९३० नंतरच्या दशकात पंचाहत्तरीच्या एका आजीबाईंनी आपल्या बरण्यांच्या शेजारी स्वतः काढलेली काही चित्रंही मांडली. जॅमला आणि फळांना बक्षीस मिळालं. चित्रांना काहीच नाही.

या आजीबाई म्हणजे अॅना मेरी रॉबर्टसन मोझेस. जग तिला ग्रँडमा मोझेस म्हणून ओळखतं, आपण मोझेस आजी म्हणू या. तिची गोष्ट बहुतेक वेळा एकाच वाक्यात सांगतात, की ही बाई वयाच्या ७८ व्या वर्षी चित्रं काढायला लागली आणि जगप्रसिद्ध झाली. म्हातारपणीसुद्धा सुरुवात करता येते, हे सांगायला सोयीचं उदाहरण! मला मात्र ते वाक्य ऐकलं की थोडा रागच येतो. जणू काही त्याआधी बाई नुसती बसूनच होती. म्हणून मैत्रिणींनो, आज मला तिच्या त्याआधीच्या वर्षांबद्दलच जास्त सांगायचं आहे.

७ सप्टेंबर १८६० रोजी ग्रीनविच गावाजवळच्या एका शेतावर तिचा जन्म झाला. दहा भावंडं. वडिलांची शेती होती, शिवाय जवसाच्या झाडापासून धागा काढायची छोटी गिरणी. वडिलांना स्वतःला रंगांचा नाद होता. मुलांना खाऊ आणण्यापेक्षा ते कोरा पांढरा कागद आणून देत, कारण एका पेनीला मोठा ताव मिळायचा आणि तो खाऊपेक्षा जास्त टिकायचा. रंग नसले की ही पोर द्राक्षाचा, लिंबाचा रस कागदावर फासायची. निसर्गचित्राला इंग्रजीत लँडस्केप म्हणतात, ही आपल्या चित्रांना लॅम्बस्केप म्हणायची. लॅम्ब म्हणजे कोकरू. घरात त्यावरून हसाहशी व्हायची.

पण लाड एवढेच. तिथली थंडी हाडं गोठवणारी, आणि अंगावर पुरेसे गरम कपडे नसल्यामुळे हिवाळ्यात मुलींची शाळा जवळजवळ बंदच असे. एका खोलीची शाळा, तीही अर्धी. त्या काळच्या शेतावर बाजारातून आणायच्या वस्तू थोड्या आणि घरी करायच्या फार. मेणबत्त्या घरी, साबण घरी. चुलीतली राख पाण्यात मुरवून तिचं खारं पाणी काढायचं, त्यात जनावराची चरबी घालून कढत ठेवायचं, की झाला साबण. लोकर कातायची, विणायची. मुलगी जरा उंच झाली की तिच्या वाट्याला कामं येणारच.

आणि बाराव्या वर्षी अॅनाला घराबाहेरच पाठवलं. शेजारच्या सुखवस्तू कुटुंबात वरकामाला. स्वयंपाक, धुणं, झाडलोट, आजाऱ्यांची सेवा. लग्न होईपर्यंत, म्हणजे तब्बल १५ वर्षं ती अशी वेगवेगळ्या घरी राबली. एका घरात भिंतीवर करिअर अँड आइव्हज या प्रसिद्ध कंपनीची छापील चित्रं होती. घोडागाड्या, बर्फातली घरं, गावातली माणसं. ही पोरगी त्यांच्यासमोर रेंगाळते हे त्या घरच्या लोकांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तिला चित्रांचं थोडं सामान आणून दिलं. कामवाल्या मुलीच्या डोळ्यांत काय आहे हे बघणारी माणसं तेव्हाही होती, हे वाचून बरं वाटलं.

१८८७ च्या नोव्हेंबरमध्ये, २७ व्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा थॉमस सॅल्मन मोझेस, तोही दुसऱ्याच्या शेतावर काम करणारा गडी. दोघं निघाली नॉर्थ कॅरोलिनाला, तिथं थॉमसला घोड्यांच्या फार्मवर काम मिळणार होतं. वाटेत व्हर्जिनियामधल्या स्टँटन गावी मुक्काम पडला. तिथल्या लोकांनी आग्रह केला, की पुढे कशाला जाता, इथंच जमीन खंडानं मिळतेय. झालं! वाटेतला मुक्काम १८ वर्षांचा संसार झाला. शेनान्डोह खोऱ्यातला निसर्ग सुंदर, पण हातात काही नाही. दुसऱ्यांच्या शेतावर राबत राबत, पैशाला पैसा जोडत १९०१ साली कुठे स्वतःचं म्हणता येईल असं घर झालं.

या घरादारात तिचा वाटा काय होता, तेही ऐका. नवऱ्यानं मिळवायचं आणि आपण बसून खायचं, हे तिला मुळीच मान्य नव्हतं. लग्न म्हणजे एका जोखडाला जुंपलेली जोडी, दोघांनी सारखं ओढायचं, अशी तिची समजूत होती. आपल्या साठवलेल्या पैशातून तिनं एक गाय घेतली आणि लोणी काढून विकायला सुरुवात केली. लोण्याला नाव झालं, मागणी वाढली. मग बटाट्याचे चिप्स तळून विकायला लागली. त्या भागात तेव्हा चिप्स म्हणजे नवलाईची गोष्ट होती.

आमच्या बचत गटाचा फॉर्म भरताना व्यवसाय या रकान्यात बायका बिनदिक्कत काही नाही असं लिहितात. पहाटे उठून दोन म्हशींचं दूध काढून डेअरीला घालणारी सुद्धा तेच लिहिते. फॉर्म परत देऊन मी विचारते, दूध कोण काढतं? मग लाजत लाजत पेन हातात घेतात. मोझेस आजीनं तो रकाना कधी कोरा सोडला नसता.

व्हर्जिनियात तिला दहा मुलं झाली. त्यातली पाच जगली. पाच बाळं तान्हेपणीच गेली आणि त्यांना तिथल्याच मातीत ठेवून १९०५ मध्ये ती दोघं उरलेल्या मुलांना घेऊन परत न्यूयॉर्क राज्यात आली. थॉमसला गावाची ओढ लागली होती. ईगल ब्रिज गावाजवळ त्यांनी शेत घेतलं. दुभत्या गाई, मुलांची लग्नं, नातवंडं. अॅनाच्या आयुष्यातले मैलाचे दगड हे असे होते, तुमच्या-आमच्यासारखेच.

चित्रं या सगळ्यात कुठं होती? कोपऱ्यात. १९१८ मध्ये ती बैठकीच्या खोलीला भिंतीचा कागद लावत होती. शेकोटीच्या तोंडाशी लावायची फळी झाकायची राहिली आणि कागद संपला. तिनं त्या फळीवर साधा पांढरा कागद डकवला आणि सरळ झाडं, तळं असा देखावा रंगवून टाकला. भिंतीचं काम पूर्ण! चित्र काढायचं म्हणून नव्हे, कागद संपला म्हणून. मला हा प्रसंग फार आवडतो.

१९२७ मध्ये थॉमस गेला. पुढे मुलगी अॅना क्षयानं आजारी पडली, तेव्हा १९३२ मध्ये आजी तिच्या घरी बेनिंग्टनला जाऊन राहिली. लेकीच्याच आग्रहावरून ती लोकरीनं भरतकाम करून चित्रं करायला लागली. लेक वाचली नाही. सत्तरी ओलांडलेल्या आजीनं तिथं राहून नातवंडं सांभाळली. नंतर संधिवातानं बोटं आखडायला लागली, सुई धरवेना. तेव्हा बहिणीनं सुचवलं की ब्रश धरणं सोपं जाईल, रंगव. उजवा हात फार दुखला की ती डाव्या हातात ब्रश घ्यायची. तिचं चित्रकार होणं ते इतकंच.

१९३८ साली लुई कॅल्डॉर नावाचा न्यूयॉर्क शहरातला एक इंजिनिअर आणि चित्रांचा शौकीन हूसिक फॉल्स गावातून चालला होता. औषधाच्या दुकानाच्या काचेमागे त्याला ही चित्रं दिसली. लहान चित्राला तीन डॉलर, मोठ्याला पाच. त्यानं होती नव्हती ती सगळी घेतली आणि पत्ता विचारत आजीच्या घरी पोचला. आजी घरी नव्हती. सून चाणाक्ष, तिनं सांगून टाकलं की घरात अजून दहाएक चित्रं आहेत, उद्या या. आजीनं शोधली तर निघाली नऊच! गिऱ्हाईक तर सकाळी येणार. मग तिनं एक मोठं चित्र मधोमध कापून त्याची दोन केली. दहा भरली. ज्या बाईनं आयुष्यभर आहे त्यात भागवलं, ती दुसरं काय करणार?

कॅल्डॉरनं ती चित्रं घेऊन शहरातल्या दलालांचे उंबरठे झिजवले. बाई इतकी म्हातारी आहे, तिच्यावर पैसे कशाला लावायचे, असा त्यांचा हिशोब. तरी १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अनोळखी चित्रकारांच्या प्रदर्शनात तिची तीन चित्रं लागली. १९४० च्या ऑक्टोबरमध्ये ऑटो कॅलिर यांनी आपल्या गॅलरीत फक्त तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. कॅलिर स्वतः नाझींमुळे व्हिएन्ना सोडून आलेले. प्रदर्शनाचं नाव त्यांनी दिलं, शेतकऱ्याच्या बायकोनं काय रंगवलं. पुढच्याच महिन्यात गिंबल्स या मोठ्या दुकानात थँक्सगिव्हिंगच्या सणानिमित्त आजीला बोलावलं. काळी हॅट घालून आजी आली आणि जमलेल्या शहरी लोकांसमोर बोलली. कशावर? आपल्या जॅमवर आणि टिकवलेल्या फळांवर. लोक चित्रांबद्दल ऐकायला आले होते. हा प्रसंग सगळे विनोद म्हणून सांगतात. मला तो विनोद वाटत नाही. तिच्या लेखी दोन्ही हातचीच कामं होती, आणि जॅमचा अनुभव जास्त वर्षांचा होता.

आता चित्रांत काय आहे ते पाहू. मेपलच्या झाडांचा रस काढण्याची चित्रं तिनं कितीदा तरी काढली. हिवाळा सरत आला, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन पडायला लागलं, की खोडाला भोक पाडून खाली बादली टांगायची. रस पातळ, पाण्यासारखा. तो मोठ्या कढईत आटवत बसायचं. जवळजवळ ४० लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक मिळतो. पोरं गरम पाक बर्फावर ओतून त्याची चिक्कट गोळी करून खातात. आपल्याकडचं गुऱ्हाळ आठवा, फक्त भोवती बर्फ. दुसऱ्या चित्रात सफरचंदाचा मुरंबा अंगणात मोठ्या हंड्यात शिजतोय आणि लांब दांड्याच्या उलथन्यानं तो हलवला जातोय. कुठं धुण्याचा दिवस, कुठं शेजारणी जमून गोधडी शिवताहेत आणि बाजूला पंगतीची तयारी, कुठं गावातलं लग्न, कुठं घर बदलताना गाडीवर चढवलेलं सामान.

या चित्रांत माणसं ठेंगणी, हातपाय कधी बेढब, सावल्या नाहीतच. शिक्षण नव्हतं, ते दिसतं. पण एकही माणूस रिकामा नाही. हंडा कुठं ठेवायचा, त्याच्यापासून किती लांब उभं राहायचं, घोडा कुठं बांधायचा, हे तिनं ज्या खात्रीनं काढलंय ते कुठल्या चित्रशाळेत शिकवत नाहीत. रंगवायची पद्धतही गृहिणीची. फळीला आधी पांढऱ्या रंगाचे तीन हात द्यायचे, मग वरून सुरुवात. आभाळ, डोंगर, झाडं, घरं, शेवटी माणसं. एकाच वेळी चारपाच चित्रं टेबलावर, एकाच रंगाचं काम सगळ्यांत उरकून घ्यायचं. म्हणजे रंग वाया जात नाही!

टीकाकार म्हणत, ही बाई विजेच्या तारा, ट्रॅक्टर काहीच दाखवत नाही, सगळं गोड गोड. टीका अगदीच खोटी नाही. तिचं बालपण तिनं जरा उजळूनच काढलंय. मी पाहिलेल्या तिच्या चित्रांत बाराव्या वर्षी परक्या घरी भांडी घासणारी मुलगी नाही, आणि व्हर्जिनियातल्या त्या पाच चिमुकल्या कबरीही नाहीत. आपल्या आत्मकथनात मात्र तिनं त्यांचा उल्लेख केला आहे, अगदी थोडक्यात. दुःख माहीत नव्हतं म्हणून ते चित्रात आलं नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुढचं तुम्ही ऐकलं असेल. तिची चित्रं भेटकार्डांवर छापली गेली, १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या हस्ते सन्मान झाला आणि चहाच्या वेळी त्यांनी तिला पियानो वाजवून दाखवला. १९५२ मध्ये आत्मकथन आलं. १९६० मध्ये तिच्या शंभराव्या वाढदिवसाला राज्याच्या गव्हर्नरनी तिच्या नावाचा दिवस जाहीर केला. तीन डॉलरची चित्रं तिच्या हयातीतच हजारोंना विकली गेली आणि १९४३ चं मेपलच्या रसाचं एक चित्र २००६ मध्ये सुमारे १२ लाख डॉलरला गेलं. याच काळात, १९४९ मध्ये, तिच्या डोळ्यांदेखत मुलगा ह्यूही गेला. ती रंगवत राहिली. आयुष्यभरात दीड हजारांहून जास्त चित्रं.

शंभरी उलटल्यावरही तिचा हात थांबला नव्हता. १९६१ च्या उन्हाळ्यात तिनं शेवटचं पूर्ण चित्र काढलं, त्याचं नाव इंद्रधनुष्य. त्यात शेत आहे, कामात गढलेली माणसं आहेत. त्याच वर्षी १३ डिसेंबरला हूसिक फॉल्स इथं, जिथल्या औषधाच्या दुकानात तिची चित्रं टांगली होती त्याच गावात, १०१ व्या वर्षी मोझेस आजी गेली.