आईला रेडिओवर लेकाची गिटार ओळखता आली नाही, म्हणून त्याने गॅरेजमध्ये एकट्याने आठ गिटार वाजवल्या

आज एखादा पोरगा आपल्या खोलीत बसून लॅपटॉपवर सहा-सात गिटारचे थर एकावर एक चढवतो. रात्रभर मिक्स करतो आणि सकाळी मित्रांना पाठवून देतो, कसं झालंय ते सांगा म्हणून. कोणी सांगतं लीड दबली, कोणी सांगतं बेस जास्त झाला. पोरगा परत कामाला लागतो.

हा सगळा खेळ ज्याने घरात बसून पहिल्यांदा जगाला ऐकवला त्याच्याकडे लॅपटॉप तर सोडाच, सुरुवातीला टेपसुद्धा नव्हती. त्याचं नाव लेस पॉल.

आणि त्याच्या कामावर सगळ्यात खरा शेरा मारणारी व्यक्ती होती त्याची आई.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावात ९ जून १९१५ ला लेस्टर विल्यम पोल्सफसचा जन्म झाला. पोराला दोन नाद होते, संगीत आणि वस्तू उघडून बघायच्या. घरातला फोन, रेडिओ, ग्रामोफोन, काहीच त्याच्या हातून सुटलं नाही.

शाळेच्या वयातच तो रस्त्याकडेच्या एका खाण्याच्या ठिकाणी गिटार घेऊन गायला लागला. लोक आपापल्या गाड्यांत बसून खायचे आणि ऐकायचे. एकदा एका गाडीतून चिठ्ठी आली. गाणं ऐकू येतंय, गिटार मात्र येत नाही, अशी तक्रार होती.

दुसरा असता तर जोरात वाजवायला लागला असता. या गड्याने ग्रामोफोनची सुई काढली, गिटारला लावली आणि तारा आईच्या रेडिओला जोडल्या. गिटारचा आवाज रेडिओतून बाहेर पडला.

पुढे तो शिकागोला गेला, मग न्यूयॉर्कला. तिथे त्याच्या डोक्यात वेगळंच खूळ शिरलं. पोकळ गिटारचा आवाज वाढवला की ती घुमायला लागते, शिट्टी मारते. मग पोकळी नकोच. १९४०-४१ च्या सुमारास त्याने एपिफोन कंपनीच्या कारखान्यात रविवारी सुट्टीच्या दिवशी बसून लाकडाच्या ठोकळ्यावर तारा चढवल्या. या वाद्याला तो लॉग, म्हणजे ओंडकाच म्हणायचा.

तो ओंडका घेऊन तो लोकांसमोर वाजवायला बसला, तर कोणी ढुंकूनही बघेना. मग त्याने एक गिटार उभी चिरली आणि तिचे दोन भाग ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना जोडले. आवाज तोच होता, पण आता ती गिटारसारखी दिसत होती. लोक खूश झाले. माणसं कानाआधी डोळ्याने ऐकतात हे त्याला त्या दिवशी कळलं.

गिब्सन कंपनीने मात्र हा ओंडका हसण्यावारी नेला. लिओ फेंडरची भरीव गिटार बाजारात आल्यावर त्यांना लेस पॉलची आठवण झाली आणि १९५२ मध्ये त्याच्या नावाची गिटार निघाली. तिच्या डिझाइनचं बरंचसं काम गिब्सनच्या लोकांनीच केलं होतं, पण नाव त्याचं लागलं ते आजपर्यंत.

पण मूळ गोष्ट आहे १९४६ च्या आसपासची. तोपर्यंत लेस पॉल हॉलिवूडला पोहोचला होता. बिंग क्रॉस्बीसोबत त्याने वाजवलेलं गाणं १९४५ मध्ये पहिल्या नंबरवर गेलं होतं. सगळं मस्त चाललं होतं.

एक दिवस आईने त्याचं कौतुक केलं, काल रात्री रेडिओवर फार छान वाजवलंस म्हणून. त्याने सांगितलं, तो मी नव्हतोच. आईने सरळ सांगून टाकलं, हल्ली सगळे तुझ्यासारखंच वाजवतात, त्यात तू कोण ते मला कसं ओळखू यावं?

हे त्याला लागलं. रसिकाने ओळखलं नाही तर समजू शकतो, पण इथे खुद्द आईला लेकाचा हात ओळखता आला नव्हता. त्याने दौरे सोडले आणि हॉलिवूडमधल्या घराच्या गॅरेजमध्ये स्वतःला कोंडून घेतलं.

त्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड कोरण्याचं यंत्र होतं. त्याने ते स्वतः बनवलं होतं, कॅडिलॅक गाडीचं फ्लायव्हील वापरून. काम असं चालायचं. पहिली गिटार एका तबकडीवर कोरायची. मग ती तबकडी वाजवत ठेवून सोबत दुसरी गिटार वाजवायची आणि दोन्ही आवाज मिळून नव्या तबकडीवर कोरायचे. मग तिसरी, मग चौथी.

एकच माणूस अनेक वाद्यं वाजवतोय हा प्रयोग नवा नव्हता. सिडनी बेशेने १९४१ मध्ये तो करून दाखवला होता. पण लेस पॉलने त्यातून वेगळाच आवाज काढला. काही भाग तो अर्ध्या वेगात कोरायचा. पूर्ण वेगात वाजवले की ते दुप्पट जलद आणि एक सप्तक वर ऐकू यायचे. कोणत्याही माणसाच्या बोटांना न जमणारी गिटार!

यात मोठी गोम होती. प्रत्येक नव्या तबकडीबरोबर जुन्या भागांचा आवाज थोडा खराब व्हायचा, खरखर वाढायची. आठ थरांत पहिली गिटार सात वेळा नव्याने कोरली जायची. म्हणून त्याने क्रम उलटा केला. सगळ्यात कमी महत्त्वाचे भाग आधी, मुख्य सूर सगळ्यात शेवटी. आणि एकदा मिसळलेला आवाज परत वेगळा करता येत नाही. म्हणजे पहिली गिटार वाजवतानाच आठवीनंतर ती किती ऐकू येणार हे डोक्यात पक्कं पाहिजे. जमलं नाही तर तबकडी फेकायची आणि पहिल्यापासून सुरुवात. अशा शेकडो तबकड्या वाया गेल्या.

त्यातून उभं राहिलं आठ गिटारचं लव्हर. १९४८ मध्ये कॅपिटॉल कंपनीने ते काढलं आणि असा आवाज आधी कोणी ऐकला नव्हता.

पण त्याच वर्षी जानेवारीत ओक्लाहोमामध्ये त्याची गाडी बर्फावरून घसरून पुलाखाली कोसळली. उजव्या हाताचं कोपर चुरा झालं. हात कापायची वेळ आली होती. तो वाचला, पण कोपर आता कायमचं वाकणार नाही हे नक्की झालं. लेस पॉलने डॉक्टरांना सांगितलं, हात गिटार धरता येईल अशा कोनात बसवा. बरं व्हायला दीड वर्षाच्या आसपास गेलं. तो हात आयुष्यभर तसाच राहिला.

१९४९ मध्ये क्रॉस्बीने त्याला अँपेक्सचा टेप रेकॉर्डर भेट दिला. याने त्यात एक जादा हेड बसवलं आणि त्याच टेपवर थर चढवायला लागला. आता धोका आणखी वाढला, कारण नवा थर चढला की जुनी टेप पुसली जायची. शेवटच्या थरात एक चूक झाली की आधीची सगळी मेहनत गेली. सोबत होती गायिका मेरी फोर्ड, जी त्याच वर्षी त्याची बायको झाली. तिच्या एकटीच्या आवाजाचेही असेच थर चढले. १९५१ मध्ये हाऊ हाय द मून नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं.

आठ आवाज वेगवेगळे ठेवून नंतर मिसळता यावेत म्हणून त्याने अँपेक्सकडून आठ ट्रॅकचं यंत्र बनवून घेतलं. १९५७ मध्ये ते त्याच्या घरी आलं. आज मोबाईलवर आपण एक ट्रॅक कमी आणि दुसरा जास्त करतो, त्याची मुळं तिथे आहेत.

पुढे रॉक आलं, गाणी चालेनाशी झाली. १९६४ मध्ये मेरीशी घटस्फोट झाला. संधिवाताने बोटं आखडली. तरी १९८० च्या दशकापासून तो न्यूयॉर्कमध्ये दर सोमवारी रात्री वाजवायला बसायचा. जी बोटं चालत होती त्यांच्यावर त्याने वाजवणं नव्याने बसवलं आणि नव्वदी ओलांडल्यावरही ते सोडलं नाही.

१२ ऑगस्ट २००९ ला, वयाच्या ९४ व्या वर्षी तो गेला. त्याला वॉकेशा गावात आणलं आणि त्याच्या आईच्या जवळच पुरलं.